उजव्या बाजूची कडी

पॉन्टिअ‍ॅक. एक्कावन सालची.
दाभोळात मुकादमांच्या आगरात
पोफळींच्या सावलीत, चार ओंडक्यांवर उभी.
मी ट्रॉलरची इंजिनं बांधणारा;
पाण्यावर चालणारं काहीही दे, आवाजावरून सांगतो.
ही रस्त्यावरची, त्यातून अमेरिकेची,
त्यातून स्टिअरिंग डावीकडे.

रुकय्याबींनी आकडा एकदाच सांगितला
आणि कोंबड्यांना कण्या टाकत राहिल्या.
दाजी भुवड कानाशी म्हणाला,
आधी सामान ओळखा, मग नोटा मोजा.
म्हणून आम्ही आत शिरलो,
झोपलेल्या परक्या माणसाच्या
खिशात हात घालावा तसे.

बॉनेटवर पिवळ्या काचेचं मुंडकं,
नाक पुढे, केस वाऱ्यावर मागे.
दाजीने चपला काढल्या.
"राखणदार असेल तिकडचा कुठला."
आतून वायर जाते, मी म्हटलं, दिवा आहे, रात्री पेटतो.
"मग राखणदारच की."

चाकांपाशी तारेच्या लांब मिश्या, कोळंबीला असतात तशा.
फुटपाथ जवळ आला की खरवडून
आतल्या माणसाला सावध करायच्या.
दाभोळला फुटपाथ कुठला?
यांनी इथे चिरे खरवडले असतील, गडगे,
एखाद्या बसल्या म्हशीचं पोट.

डॅशबोर्डवर रेघारेघांचा काचेचा लोलक.
त्याला मी अर्धी दुपार दिली.
मान न वाकवता, टपाच्या वरचा सिग्नल
खालच्या खाली दिसावा, एवढ्यासाठी तो.
अख्ख्या तालुक्यात सिग्नल नाही.
तरी मी डोळा लावला:
वर पोफळीच्या शेंड्यावरचा पाडेकरी
झाड वाकवून दुसऱ्या झाडावर गेला
आणि काचेत क्षणभर
दोन्ही झाडांवर होता.

खिडकीबाहेर टांगलेलं पत्र्याचं नळकांडं.
आत पाणी ओतायचं, गाडी पळाली
की वारा ओला होऊन आत येतो.
दाजी हसता हसता मातीत बसला.
ओला वारा! तो विकत!
पण इसाकभाईंनी गाडी कुवेतहून आणली,
तिथे त्या नळकांड्याने जीव वाचवले असतील.
इथे त्यात एका उंदरीचं बाळंतपण झालं होतं.

राहिली एक कडी.
पितळेची, मुठीत मावेल एवढी,
उजव्या दाराच्या वर.
स्क्रू जाड, होडीला मारतात तसले.
कप्प्यातल्या जीर्ण पुस्तिकेत सगळ्याचं चित्र होतं,
हिचं नव्हतं.
मी म्हटलं, टोपी अडकवायला. दाजी म्हणाला, कंदील.

"ता माजा," मागून आवाज आला.

नवी नवरी होते, रुकय्याबी म्हणाल्या,
दापोलीच्या वळणांना पोटात ढवळायचं.
ह्यांनी मोडीत निघालेल्या मचव्याची कडी आणून
इथे ठोकली. धर म्हणाले.
मी उजवीकडे कडी धरून, हे डावीकडे,
आणि समोरून येणाऱ्याला सवयीने वाटायचं
उजवीकडचा माणूस तो ड्रायव्हर.
बुरोंडीपर्यंत बोभाटा झाला:
मुकादमाची बायको गाडी हाकते!
सासऱ्यांनी विचारलं. मशिदीत विचारलं.
"सतरा वर्षं. मी एकदाही नाही म्हटलं नाही."

पैसे दिले. त्यांनी मोजले नाहीत.
मी पाना काढला. म्हटलं, कडी काढून देतो, ठेवा आठवण.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या,
अगदीच कच्चा मेकॅनिक असल्यासारखं.
"भिंतीला लावून कुठे जाऊ?"

संध्याकाळी नवी चाकं चढवून
टेम्पोने ओढत फेरीबोटीवर घेतली.
स्टिअरिंगला मी. उजवीकडे दाजी,
दोन्ही हातांनी कडी धरून, ढवळत नसताना.
बोट हलली, पलीकडे धोपाव्याचे दिवे लागले.
तिकीटवाला दोन जीप सोडून आला,
सरळ दाजीच्या खिडकीशी वाकला:
"काय ड्रायव्हरसाहेब, कुठनं आणलीत?"

दाजीने घसा साफ केला,
मान हलवली, खिशात हात घातला.
सुट्टे नव्हते.